जुन्या पगारावर जेवणारं घर

१३ जुलै १९६८, दुसरबीड

ही वही मी स्वतःच्या पैशाने घेतली. शाळेच्या कागदावर घरचं लिहायचं नाही, असा माझा नियम आहे. इथल्या शाळेचा हेडमास्तर झाल्यापासून माझे नियम जरा वाढलेत, हे मलाही कळतं.

आज रजा टाकून रुख्मिणीला मेहकरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिला चौथा महिना लागलाय. दोन वर्षांपूर्वीचं मूल सातव्या महिन्यात गेलं, म्हणून या वेळी आधीच दाखवून यायचं मी ठरवलं. बाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली, बोटातून रक्त घेतलं आणि रक्त फार कमी आहे म्हणाल्या. गोळ्या लिहून दिल्या. पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, रोज अर्धा लिटर दूध, दोन अंडी, पालेभाजी, डाळ, शेंगदाणे आणि गूळ पोटात गेलंच पाहिजे, असं बजावलं. जमेल का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला थोडा रागच आला. मी म्हणालो, बाई, मी हेडमास्तर आहे.

निघताना रुख्मिणीला बाहेर बसवून त्यांनी मला परत आत बोलावलं. या अशक्त अंगावर पुन्हा मागच्यासारखं झालं तर मुलाचं सोडाच, हिचंही काही सांगता येणार नाही, असं त्या स्पष्ट बोलल्या. हे मी रुख्मिणीला सांगितलेलं नाही आणि मायलाही नाही. कुठे तरी ठेवायला पाहिजे म्हणून इथे लिहितोय. मला भीती वाटते.

बसमध्ये रुख्मिणीने विचारलं, एवढ्या खर्चाला तुम्ही हो कशाला म्हणालात. मी म्हणालो, खर्च करायलाच पगार असतो. माझे वडील कचरू जन्मभर दुसऱ्याच्या वावरात सालदार राहिले. त्यांच्या घरात कोणी तापाने फणफणलं तरच वाटीभर दूध यायचं. ते दिवस गेले.

१५ जुलै

कडूबा गवळ्याचा रतीब लावला. तो ओट्यापर्यंत आला, पण त्याने आपलं माप आमच्या भांड्याला टेकू दिलं नाही, वरूनच धार सोडली. तोंडाने मात्र ‘गुरुजी, गुरुजी’ चालू होतं. दूध घट्ट आहे, एवढ्यावर मी समाधान मानलं.

माय भांड्यात डोकावली आणि तिने विचारलं, हे रोज? रोज म्हटल्यावर ती चुलीपाशी खालीच बसली. आमच्याकडे चार कोंबड्या आहेत, पण त्यांची अंडी बाजारात जातात आणि त्यातून मीठ-मिरची येते. मी चड्डीत होतो तेव्हापासून हे असंच आहे. मी सांगितलं, आजपासून अंडं विकायचं नाही. माय मान डोलावून ‘हाव’ म्हणाली. माय हाव म्हणाली की मी निर्धास्त असतो.

२८ जुलै

तेरा दिवस लिहिलं नाही, म्हणजे सगळं सुरळीत चाललंय. घरात खाण्यापिण्याची रेलचेल झाली आहे. माझ्या भाकरीवर दोन्ही वेळा तूप असतं. सकाळी शाळेत जाण्याआधी माय उकडलेलं अंडं सोलून पुढे ठेवते. कमावता माणूस आधी, असं तिचं म्हणणं. मी नाही म्हणत नाही. तिचं मन कशाला मोडा.

रात्रीचं माझं जेवण आटोपलं की मी ओट्यावर कंदील घेऊन पेपर वाचतो, मग आत त्या दोघी बसतात. भांडी वाजायला लागतात न लागतात तोच थांबतात. बायकांचं जेवण इतक्या झटकन कसं उरकतं, याचं मला नवल वाटतं.

११ ऑगस्ट

आज रविवार. दोघींना समोर बसवून मी सकस आहाराविषयी अर्धा तास सांगितलं. पाटीवर दूध, अंडं आणि पालकाची चित्रं काढून दाखवली. रुख्मिणीने पदर तोंडाला लावला, तिला बहुतेक हसू आलं असावं. माय म्हणाली, चित्र चांगलं काढलं बापा.

शाळेतले सहायक शिक्षक इंद्रभान परवा सगळ्यांसमोर म्हणाले, गुरुजींना हेडमास्तरकी अंगी लागली. माझ्या सदऱ्याचं पोटावरचं बटन तुटलंय हे खरं. धोब्याच्या आपटण्याने बटनं तुटतात.

२४ ऑगस्ट

मेहकरला जाऊन आलो. मन ठिकाणावर नाही. रुख्मिणीचं वजन महिन्याभरात वाढायचं सोडून उलट थोडं उतरलंय. रक्त होतं तिथेच आहे. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, सांगितलेलं सगळं खातेस ना? ती सगळं म्हणाली. बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

येताना मी बसमध्ये हिशेब लावत होतो. दूध घरात येतं, अंडी बाजारात जात नाहीत, शेंगदाणे मी स्वतः आणून देतो. मग गडबड कुठे आहे? दुसरबीडचा थांबा येईपर्यंत माझी खात्री झाली होती की कडूबा दुधात पाणी घालतो.

२५ ऑगस्ट

कडूबाला ओट्यावर अडवलं. दुधाचा थेंब नखावर ठेवून पाहिला, तो ओघळला नाही. तरी मी बोलायचं ते बोललोच. कडूबाने घागर खाली ठेवली. तो म्हणाला, “गुरुजी, पानी असतं तं तुमच्या घरी एवढं लोनी निंगालं असतं काय? आठवड्यातून दोनदा तुमच्या चुलीवरून कढत्या तुपाचा वास येते, सारी आळी वास घेऊन राह्यली.”

त्याच्या दुधात दोष नाही, एवढं मान्य करावं लागलं. म्हणजे त्या गोळ्याच बनावट असणार. मेहकरच्या दुकानदाराला एक खरमरीत पत्र लिहायला घेतलंय.

८ सप्टेंबर

रुख्मिणी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहिरीवर चक्कर येऊन पडली. घागर फुटली, ती वाचली. चार बायकांनी उचलून आणली तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. गावातल्या दवाखान्याच्या नर्स सुभद्राबाई धावत आल्या. त्यांनी तिला पाणी पाजलं, पाय उंच करून ठेवले आणि विचारलं, सकाळपासून काय खाल्लं. रुख्मिणीने हळूच सांगितलं, अर्धी भाकर आणि चटणी. आणि काल रात्री? तेच. दूध? रुख्मिणी मायकडे पाहत राहिली.

सुभद्राबाई उठल्या आणि न विचारता आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. मी त्यांच्या मागे गेलो. गेल्या पाच वर्षांत मी तिथे फक्त जेवायला बसलो असेन. शिंक्यावरून त्यांनी तुपाच्या तीन बरण्या उतरवल्या, काठोकाठ भरलेल्या. राखेच्या मडक्यात एकवीस अंडी निघाली. शेंगदाण्याची पिशवी मी बांधलेल्या गाठीसकट होती. कोपऱ्यात पिठाचं एक मडकं होतं. माय रोज परातीत पीठ घेते आणि मळण्याआधी त्यातली एक मूठ काढून त्या मडक्यात टाकते. जेवढं पीठ घ्यायचं ठरलं, त्यापेक्षा मूठभर कमी पिठाच्याच भाकरी होतात. ही मूठ ती वडिलांच्या वेळेपासून काढत आलीय.

“हे कोनासाठी ठेवलं, जनकाबाई?” सुभद्राबाईंनी विचारलं.

“बाळंतपनासाठी,” माय म्हणाली. “बाळंतिनीले तूप लागते, अंडं लागते. तवा कोठून आनाव? हे पोरगी बी म्हने, आत्याबाई, राहू द्या, पुढं कामी येईन.”

“बाळंतपनापर्यंत बाई राह्यली पाह्यजे ना, मावशी.”

माय भिंतीला टेकली. जाताना सुभद्राबाईंनी मला ओट्यावर थांबवून विचारलं, गुरुजी, जुलैपासून तुमचं वजन किती वाढलं? मला त्यांचा प्रश्न कळला नाही. आजारी रुख्मिणी होती.

९ सप्टेंबर

कळला. आज शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना एकदम कळला, आणि मी पोरांकडे पाठ करून तसाच उभा राहिलो.

बरण्यांत जे उरलं नाही ते माझ्या भाकरीवर होतं. राखेत जे ठेवलं नाही ते अंडं मी रोज सकाळी खाऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी रुख्मिणीला लिहून दिलेला खुराक मी दोन महिने इमानेइतबारे घेतला आणि कडूबाशी भांडलो. माझा पगार दोनदा वाढला, पण चुलीला ते कोणी कळवलंच नाही. ती कचरू सालदाराच्याच पगारावर चाललीय. आधी कमावत्याला, मग पुढच्या अडचणीला, आणि उरलंच तर बायकांना. मला लाज वाटतेय. लिहून ती कमी होत नाही.

१० सप्टेंबर

सकाळी मायशी बोललो. डॉक्टरीणबाई मला एकट्याला काय म्हणाल्या होत्या तेही सांगितलं. ती बराच वेळ चुलीतल्या राखेवर रेघा ओढत होती. मग तिने विचारलं, “गुलाब, तुह्या आधीचे माहे दोन गेले. ते बी असेच गेले काय रे? मी खाल्लं नाही म्हनून?”

मी म्हणालो, माय, तेव्हा घरात खायलाच कुठे होतं. ती हाव म्हणाली. “तवा नोहतं. आता हाये. पन हाये हे हाताले समजत नाही.”

मला वाटलं होतं मी रागावेन. मी तिच्याजवळ बसून राहिलो आणि शाळेला उशिरा गेलो. हेडमास्तर झाल्यापासून पहिल्यांदाच.

१५ सप्टेंबर

मी नियम केला. रुख्मिणीने माझ्यासमोर जेवायचं. पाच दिवस मी रोज तिच्यापुढे पाट टाकून बसतोय, वार्षिक परीक्षेत पोरांवर नजर ठेवून बसतो तसा. पहिल्या दिवशी तिने दूध घेतलं आणि ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या भाकरीवर हात धुतला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तुमी असे डोळे लावून बसता तं घास उतरत नाही.” पोटालाही सवय असते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लहानपणापासून ते अर्ध्या भाकरीत भरायला शिकलंय.

आणि माय वाढताना कबूल करून वाढते, तरी पळीत वरण अर्धंच येतं. मी ओरडलो की ती दचकून पळीकडे पाहते, दुसऱ्याच कोणी भरली असावी तशी. मूठ काढायचंही थांबलेलं नाही. काल तिने काढलेली मूठ माझ्या देखत परत परातीत टाकली आणि दोन मिनिटांनी पुन्हा काढली. तिला कळलंसुद्धा नाही.

नियमाने काही होत नाही. सहावा महिना सुरू आहे, सातवा समोर दिसतोय. मला झोप लागत नाही.

२१ सप्टेंबर

आज मायने मला बोलावून सांगितलं की उद्या सकाळी रुख्मिणी माहेरी येणार आहे. मला वाटलं मायचं डोकं फिरलं. रुख्मिणीची आई ती लहान असतानाच वारली, भावाचं घर मुंबईत एका खोलीचं, तिला माहेर असं नाहीच. कोणत्या माहेरी, मी विचारलं.

“इथंच. माह्या घरी,” माय म्हणाली. “सुनेच्या ताटात माहा हात आखडते, गुलाब. मी काय करू? पन पाहुन्याच्या ताटात मी कधी कमी वाढलं नाही. तुहा बाप उपाशी निजला, मी निजली, पन पाहुना पोटभर जेवला. ते बी हाताले सवयच हाये.”

मी म्हणालो, हा काय पोरखेळ. ती म्हणाली, पाटीवर दुधाचं चित्र काढणं तरी काय होतं.

२२ सप्टेंबर

झालं असं. सकाळी रुख्मिणी पिशवीत दोन लुगडी घेऊन सुभद्राबाईंच्या खोलीवर गेली. तासाभराने दोघी परत आल्या. माय दारात तांब्या घेऊन उभी होती. तिने रुख्मिणीच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला. आम्ही धम्म घेतल्यावर असले प्रकार सोडलेत, मी तसं म्हणणारही होतो, पण सुभद्राबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला लागलो. मायने सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, माझी लेक बाळंतपणाला आली.

मग तिला ओसरीवर पाटावर बसवलं. ताटात तूप घातलेली भाकर, डाळ, मेथी, अंडं आणि दुधाची वाटी होती. रुख्मिणीने हात आडवा धरून पुरे म्हटलं तर माय रागावली, माझ्या घरी येऊन लाजतेस का म्हणाली आणि आणखी वाढलं. रुख्मिणी आधी हसत होती. मग खाता खाता रडायला लागली, आणि रडत रडत तिने सगळं संपवलं. आई गेल्यापासून तिला कोणी आग्रह केला नव्हता, हे तिने मला नंतर सांगितलं. मी पाच वर्षं नवरा आहे, मला हे माहीत नव्हतं.

माझं ताट त्या दोघींनंतर आलं. त्यावर तूप नव्हतं.

१३ ऑक्टोबर

पाहुणी रोज जेवते. माय तिला पाण्याला जाऊ देत नाही, स्वतः जाते. लेकीला काम सांगितलं तर लोक नावं ठेवतील म्हणते. आज मी माझ्या चहात दूध कमी का, असं सहज विचारलं. माय म्हणाली, पाहुणी आहे घरात, जरा सांभाळून घे. मी सांभाळून घेतलं.

कडूबाची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या गुरुजी. धार अजून वरूनच सोडतो. रतीब आता पाऊण लिटर आहे.

२ नोव्हेंबर

मेहकर. वजन सात पौंड वाढलं. रक्तही वाढलं. डॉक्टरीणबाईंनी काटा दोनदा पाहिला आणि विचारलं, काय केलंत? मी खरं ते सांगितलं, ही सध्या माहेरी असते. कुठे आहे माहेर, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आमच्याच घरी. त्यांना ते समजलं की नाही कोण जाणे, पण त्या हसल्या. बाहेर आल्यावर मी रुख्मिणीला जुलैपासून पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, मले माहीत होतं, तुमी झोपेत बोलता.

स्टँडवर मी तिला भजी घेऊन दिली. दोन मी खाल्ली, फक्त दोन.

१८ नोव्हेंबर

सातवा महिना सुखरूप पार पडला. आज आणखी काही लिहीत नाही. फार हलकं वाटतंय.

२९ डिसेंबर

मुलगी. मेहकरच्या सरकारी दवाखान्यात, काल सकाळी साडेनऊला. सहा पौंडांची. रुख्मिणी बरी आहे, बोलते आहे, मला म्हणाली, दाढी करून यायचं ना. मी व्हरांड्यात बसून खूप रडलो. तिथला शिपाई म्हणाला, मुलगी झाली तर एवढं रडू नये गुरुजी. मी त्याला समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

मायने बाळाला पदरात घेतलं आणि पहिल्यांदा तिची मूठ उघडून पाहिली, मग पाय, मग कान. आपल्या त्या दोघांविषयी ती काही बोलली नाही. फक्त, हे चांगली भरून आली, एवढं म्हणाली, दोन-तीनदा.

तुपाची पहिली बरणी उघडली. राखेतल्या अंड्यांची भाजी कधीच होऊन गेली, बाळंतिणीसाठी ठेवलीत ती अंडी ताजी आहेत.

१२ जानेवारी १९६९

विहारात नाव ठेवलं. सुजाता. सगळ्यांना पसंत पडलं. माझा सदरा सैल झालाय, इंद्रभान म्हणतात बाप झाल्यावर माणूस वाळतो. नवीन बटन रुख्मिणीने लावून दिलं.

९ फेब्रुवारी

रुख्मिणी आता हिंडू-फिरू लागलीय. आजचा रविवारचा स्वयंपाक मी करते, असं तिने सकाळीच जाहीर केलं आणि मायला चुलीपासून उठवलं. दुपारी तिने चुलीपुढे तीन ताटं एकदम मांडली. माय म्हणाली, तुम्ही बसा, मी मागून बसते. रुख्मिणी म्हणाली, आत्याबाई, तुम्ही बसल्याशिवाय मी बसणार नाही आणि मला पोरीला पाजायचं आहे. माय माझ्या शेजारी बसली, पण पाटाच्या कडेला, केव्हाही उठता येईल अशी.

तव्यावरची भाकर तिच्या ताटात पडली. तिने तुकडा मोडला, डाळीत बुडवला, तोंडात घातला आणि लगेच हात तोंडाशी नेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, तिखट लागलं का.

“नाही रे,” माय म्हणाली. “भाजलं. मले गरम खायाची सवय नाही.”

रुख्मिणीने वाकून मायच्या भाकरीचे चार तुकडे केले आणि निवायला ताटात पसरून ठेवले. ते निवेपर्यंत आम्ही दोघंही हात आवरून बसलो.